सुलट, उलट आणि सुरळीची वडी : पहिल्यांदाच सुया हातात घेणाऱ्यांसाठी

मी विणलेला पहिला मफलर कधीच कुणाच्या गळ्यात गेला नाही. नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडून दोन टाके शिकले, सुलट आणि उलट, आणि एक ओळ सुलट एक ओळ उलट असं करत करत चांगला हातभर विणून काढला. दिसायला एकदम दुकानातल्या स्वेटरसारखा गुळगुळीत, मी भयंकर खूष, पण सुईवरून उतरवला आणि दोन्ही कडा आत वळून त्याची जी गुंडाळी झाली ती झालीच, उशीखाली ठेवून झोपले तरी सकाळी परत तेच. मावशी म्हणाली, "अगं मफलर विणलास का सुरळीची वडी?"

तर त्यात माझे टाके चुकले नव्हते, वीण चुकीची निवडली होती. व्हिडिओ बघून शिकताना हेच राहून जातं, टाका कसा घालायचा ते कळतं पण त्या टाक्याचं कापड कसं वागेल ते कोणी सांगत नाही. म्हणून इथे दोन्ही सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. दोन सुयांवरच्या विणकामात टाके दोनच, सुलट आणि उलट, आणि खरं सांगायचं तर तेही दोन नाहीतच, एकच आहे. सुलट टाका मागच्या बाजूने बघितला की तो उलट टाका असतो, बस. बाकी जेवढ्या म्हणून विणी तुम्ही बघता, बॉर्डर, साबुदाणा, चटई, त्या सगळ्या म्हणजे हा एकच टाका कुठे पुढून दाखवायचा आणि कुठे मागून, एवढाच खेळ आहे.

सामान फार नको. सुयांची एक जोडी ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटर. आपल्याकडे अजून जुना ब्रिटिश नंबर चालतो, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, म्हणजे १० नंबर ३.२५ मिलिमीटर आणि १२ नंबर त्याहून बारीक. अमेरिकेत बरोबर उलटं आहे, तिथला ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, त्यामुळे तिकडचा व्हिडिओ बघून इथल्या दुकानात ८ नंबर मागितलात तर कापड घट्ट येणार आणि तिकडे राहणाऱ्या कोणी इथल्या जुन्या वहीतला नंबर वापरला तर ढगळ. सरळ मिलिमीटर बघायचे, सुईच्या डोक्यावर किंवा पाकिटावर लिहिलेले असतात. बांबूच्या मिळाल्या तर सुरुवातीला त्याच घ्या, धातूच्या सुईवरून टाके सटासट घसरतात, ते पुढे वेग आल्यावर छान वाटतं पण आत्ता रडवेल.

लोकर साधी, गुळगुळीत, फिक्या रंगाची. फिका रंग यासाठी की टाके दिसले पाहिजेत. काळी, नेव्ही ब्लू, केसाळ, चमकीवाली, दर फुटाला रंग बदलणारी, यातलं काही नको, कितीही मोह झाला तरी. ॲक्रिलिक चालेल, आपल्याकडे बाजारात लोकर म्हणून जे मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिकच असतं. प्लायच्या आकड्यावर फार विसंबू नका, प्लाय म्हणजे किती पदर पिळलेत ते, जाडी नव्हे. लेबलवर दोन सुयांचं चित्र असतं आणि त्याच्याजवळ मिलिमीटर लिहिलेले असतात, तिथे ४ दिसलं की घ्या.

आता सुईवर टाके घालायचे. याच्या पद्धती पुष्कळ आहेत, अंगठ्यावर दोरा गुंडाळून एका सुईने घालतात ती जास्त प्रचलित आहे पण मी दोन सुयांची सांगते कारण त्यात सुलट टाक्याचीच प्रॅक्टिस होते. एक सरकगाठ करून डाव्या सुईवर चढवा. उजवी सुई त्या फाशात समोरून मागे घाला, म्हणजे दोन सुयांची फुली होईल आणि उजवी मागे राहील. मागचा दोरा उजव्या सुईच्या टोकाला खालून वर एक वेढा देऊन दोन सुयांच्या मधून खाली आणा, आणि तो वेढा उजव्या सुईने फाशातून पुढे ओढून घ्या. जो नवा फासा मिळाला तो डाव्या सुईवर चढवा. झाले दोन टाके. असे २४ करा. घट्ट ओढू नका प्लीज, नवीन माणसाची पहिली चूक हीच असते, भीतीने दोरा आवळतो आणि मग पहिल्या ओळीत सुईच आत शिरत नाही. टाका सुईवर मागेपुढे सहज सरकला पाहिजे.

२४ का, तर २, ४ आणि ८ ने भाग जातो, त्यामुळे पुढच्या सगळ्या विणी याच टाक्यांवर बसतात आणि एकच लांब पट्टी होते, साधारण चार साडेचार इंच रुंद. प्रत्येक वीण २० ओळींच्या आसपास करा. पट्टी मध्येच रुंद मध्येच अरुंद होईल, होऊ द्या, तेच तर बघायचंय.

सुलट टाका म्हणजे आत्ता जे केलंत तेच, फक्त नवा फासा डाव्या सुईवर न चढवता उजव्या सुईवरच ठेवायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. दोरा कायम मागे. सुई समोरून मागे आत, दोऱ्याचा वेढा, वेढा पुढे ओढला, जुना सोडला. ओळ संपली की सगळे टाके उजव्या सुईवर आलेले असतात, मग सुयांची अदलाबदल करून परत डाव्या सुईवरून सुरू. काहीजणी ओळीला सुई म्हणतात, दहा सुया विणल्या म्हणजे दहा ओळी, तेव्हा गोंधळू नका.

दोरा कुठल्या हातात धरायचा यावर वाद घालणारे लोक आहेत. उजव्या हातात धरून वेढा टाका किंवा डाव्या बोटावर ठेवून सुईने उचला, कापड सारखंच येतं.

प्रत्येक ओळ सुलट सुलटच विणत गेलात की जे तयार होतं त्याला गार्टर म्हणतात. आडव्या वळ्या वळ्या दिसतात, दोन ओळींची मिळून एक वळी, म्हणजे १० वळ्या मोजल्या की २० ओळी झाल्या. हे कापड जाडजूड, मऊ, दोन्ही बाजूंनी सारखं आणि मुख्य म्हणजे कडा वळत नाहीत, सपाट पडून राहतं. उंचीत ते आखडून बसतं आणि ओढलं की लांबीत ताणलं जातं. पहिला मफलर यातच करायचा असतो हे मला कोणी नववीत सांगितलं असतं तर!

उलट टाक्याला दोरा पुढे, आपल्याकडे. उजवी सुई आता उजवीकडून डावीकडे, टाक्याच्या पुढच्या पायातून (टाका सुईवर टांग टाकून बसतो, त्याची आपल्याकडची बाजू म्हणजे पुढचा पाय) घालायची, म्हणजे उजवी सुई डाव्या सुईच्या पुढे दिसेल. दोरा उजव्या सुईवर वरून खाली असा फिरवून परत समोर आणा, आणि तो वेढा टाक्यातून मागच्या बाजूला ढकलून बाहेर काढा, जुना सोडा. पहिल्या दिवशी हा टाका सगळ्यांना विचित्र वाटतो, बोटं नेमकी सुईच्या वाटेत येतात, दोन दिवसांनी काही वाटत नाही.

एक ओळ सुलट, एक ओळ उलट, ही झाली साधी वीण, स्वेटरचा अंगाचा भाग बहुतेक यातच असतो. पुढून गुळगुळीत, मागून खडबडीत. इथे थांबा आणि कापड नीट जवळून बघा, पट्टी उजेडात धरा, कारण इथून पुढचं सगळं यावर आहे. पुढच्या बाजूला प्रत्येक टाका इंग्रजी व्ही सारखा दिसतो, एकावर एक रचलेले व्ही, गव्हाच्या ओंबीसारखे. मागे फिरवलं की व्ही नाही, आडवे आडवे मणी दिसतात. मावशी म्हणायची ओंबी दिसली की सुलट, मणी दिसला की उलट. सुईवरच्या टाक्याच्या अगदी खाली, गळ्याशी बघायचं, तिथे मणी आहे का ओंबी. हे एकदा ओळखता आलं की फोन आला, दूध उतू गेलं, कुठे होतो ते विसरलो, काही फरक पडत नाही, कापडच तुम्हाला सांगतं कुठे आहात ते. मोजणी विसरते, डोळा विसरत नाही. मी तर नवीन शिकणाऱ्यांना सांगते की पहिला आठवडा स्वेटरचं नावच काढू नका, नुसते मणी आणि ओंब्या ओळखा.

आता ती सुरळीची वडी. साध्या विणीत सगळ्या ओंब्या एका बाजूला आणि सगळे मणी दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन बाजूंचा ताण सारखा नाही. प्रत्येक टाका वाकवलेला दोरा असतो आणि त्याला सरळ व्हायचं असतं, सगळे एकाच दिशेने ओढतात म्हणून कापड वळतं. बाजूच्या कडा मागे वळतात आणि वरची खालची कड पुढे. याला तुमचा हात घट्ट आहे की सैल याचा काही संबंध नाही. गार्टरमध्ये दोन्ही बाजूंना मणीही असतात ओंब्याही असतात, ओढाताण फिट्टंफाट, म्हणून ते सपाट. उपाय काय, तर दोन्ही कडांना ३-३ टाके कायम सुलट ठेवायचे, म्हणजे उलट ओळीत ३ सुलट, १८ उलट, ३ सुलट. याने बरंच कमी होतं, पूर्ण जात नाही. इस्त्री करून सपाट करू म्हणाल तर ॲक्रिलिकवर गरम इस्त्री अजिबात नको, धागा मरतो, कापड कायमचं लुळं पडतं.

मग बॉर्डर, म्हणजे रिब. एक सुलट एक उलट, एक सुलट एक उलट, ओळभर, आणि २४ टाके असल्यामुळे पुढची ओळही तशीच सुलटने सुरू. इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात आणि कारण एकच, दोरा. सुलटला दोरा मागे, उलटला पुढे, आणि तो पुढे मागे नेताना दोन सुयांच्या *मधून* न्यायचा, सुईवरून नाही. सुईवरून गेला की एक जादा वेढा पडतो, पुढच्या ओळीत तो टाका बनून बसतो आणि खाली भोक. (हेच भोक मुद्दाम पाडलं की त्याला जाळी म्हणतात आणि लोक कौतुक करतात, पण ते नंतर.)

रिबमध्ये ओंब्या उभ्या रांगेत पुढे येतात आणि मण्यांच्या रांगा आत दडतात, कापड हार्मोनियमच्या भात्यासारखं मिटतं आणि ओढलं की उघडतं. म्हणून मनगट, कंबर, गळा, बाळाच्या टोपीची कड, सगळीकडे हीच. अशा १६-१७ ओळी झाल्या की दोन सुलट दोन उलट करून बघा, रेषा ठळक दिसतात, माझी ती जास्त आवडती. रिबचा नियम सोपा, जे दिसेल तेच करायचं, ओंबी समोर आली सुलट, मणी समोर आला उलट. स्वेटरची बॉर्डर आपल्याकडे १० नंबरवर आणि अंग ८ नंबरवर करतात ते याचसाठी, बारीक सुईवर रिब आणखी घट्ट बसते.

आता नियम उलटा करा. एक सुलट एक उलटची ओळ घातली, पण पुढच्या ओळीत जे दिसेल त्याच्या विरुद्ध, मणी दिसला तर सुलट आणि ओंबी दिसली तर उलट. २४ टाक्यांवर म्हणजे पहिली ओळ सुलटने सुरू आणि दुसरी उलटने, अशा दोन ओळी आलटून पालटून. टाके विषम घेतले, समजा २५, तर प्रत्येक ओळ सुलटनेच सुरू होते आणि सुलटनेच संपते, लक्षात ठेवायला काहीच नाही. ही साबुदाणा वीण. मणी इकडे तिकडे विखुरलेले, खिचडी पसरल्यासारखे, दोन्ही बाजू सारख्या, कडा वळत नाहीत आणि कापडाला छान भरीवपणा येतो. गार्टरसारखं लोळत नाही, रिबसारखं आवळत नाही. वेळ मात्र खाते कारण प्रत्येक टाक्याला दोरा पुढे मागे. साबुदाण्यात चुकलात की दोन मणी एकावर एक दिसतात, लगेच कळतं, आणि विणताना लक्ष नसेल तर नकळत रिब सुरू होते, माझी अजून होते टीव्ही बघताना.

चटईची वीण दिसायला अवघड आणि करायला सोपी. ४ सुलट ४ उलट अशा ६ ओळी, मग ४ उलट ४ सुलट अशा ६ ओळी, परत पहिल्यापासून. २४ टाक्यांवर पुढची मागची दोन्ही ओळी सारख्याच सुरू होतात त्यामुळे डोकं चालवायला लागत नाही. चौकोन टोपलीसारखे एकाआड एक वर खाली दिसतात. ४ टाक्यांना ४ ओळी का नाही? कारण टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो. ४ मिलिमीटरच्या सुईवर १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके बसतात पण ओळी २८-३० लागतात. ४ ओळी केल्यात तर चौकोन न होता चपटे डबे होतील. तेही वाईट दिसत नाहीत म्हणा.

आता पट्टी हातात घेऊन एक गंमत बघा. मणी आडव्या ओळीत आले की ते उठून वर येतात, गार्टरच्या वळ्या बघा. तेच मणी उभ्या रांगेत आले की आत खचतात, रिब बघा. आणि विखुरले की सपाट, साबुदाणा. एवढं कळलं ना की कुठलंही नवीन डिझाइन बघून ते कापड आवळेल, पसरेल का वळेल हे तुम्ही विणायच्या आधीच सांगू शकता, आणि ग्राफ पेपरवर टिंब म्हणजे उलट, रिकामा चौकोन म्हणजे सुलट असं काढून स्वतःची वीणसुद्धा बनवू शकता. फक्त ग्राफ कापडाच्या पुढच्या बाजूचा असतो, मागच्या ओळीला टिंबाचं सुलट होतं हे विसरू नका. इंग्लंड-स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरचे मच्छीमार गडद निळे स्वेटर घालायचे, गॅन्झी म्हणतात त्यांना, त्यावरच्या शिड्या, चौकटी, नागमोडी रेषा बहुतांश याच दोन टाक्यांतून काढलेल्या आहेत, सगळं एकाच रंगात.

टाके वाढतायत ही तक्रार सगळ्यांची. ओळ सुरू करताना दोरा सुईवरून मागे ओढला गेला की पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एकाचे दोन टाके दिसतात, दोघांतून विणलंत की २४ चे २५. सुरुवातीला दोरा सुईच्या खाली, समोर लोंबता ठेवा आणि मग सुलटसाठी खालूनच मागे न्या. मध्येच काम ठेवून उठलात तर परत घेताना दोरा ज्या सुईला लोंबतोय ती उजव्या हातात, नाहीतर उलट्या दिशेने विणत सुटाल. शक्यतो ओळ पूर्ण करूनच उठा, दारावरची बेल वाजू दे.

टाके कमी झाले म्हणजे एक गळालाय. घाबरून ओढू नका, ओढलं की तो शिडीसारखा खाली उसवत जातो. क्रोशाची सुई घ्या, कापडाची ओंबीवाली बाजू समोर करा, गळलेल्या फाशात सुई घालून शिडीची लगेच वरची पायरी, म्हणजे मोकळा आडवा दोरा, त्यातून ओढा, मग पुढची, असं करत वर आणून डाव्या सुईवर चढवा. पहिल्यांदा जमलं की शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. सुईवर चढवताना एक बघायचं, टाका सुईवर टांग टाकून बसलेला असतो, एक पाय पुढे एक मागे, तर उजवा पाय पुढे असला पाहिजे. उलटा बसला तर विणल्यावर पीळ पडतो, व्हीचे पाय खाली एकमेकांवरून जातात आणि तेवढा टाका घट्ट दिसतो. सगळेच टाके तसे दिसत असतील तर तुम्ही दर वेळी मागच्या पायातून सुई घालताय, किंवा उलट टाक्यात दोरा उलट्या दिशेने फिरवताय.

शेवटी परत ८-१० ओळी गार्टर करा आणि टाके बंद करा. दोन टाके सुलट विणायचे, डाव्या सुईच्या टोकाने उजव्या सुईवरचा आधीचा टाका उचलून नंतरच्यावरून उडी मारून सोडायचा, उरला एक. अजून एक विणा, परत उडी. शेवटचा एक राहिला की वीतभर दोरा ठेवून कापा आणि टोक त्यातून ओवून ओढा. हेही सैल हाताने, जमत नसेल तर फक्त या ओळीपुरती उजव्या हातात एक जाड सुई घ्या, ७ नंबरची. रिबवर बंद करायचं असेल तर सुलटला सुलट उलटला उलट विणून बंद करायचं, सगळं सुलट केलंत तर कड ताणत नाही, आणि टोपी असेल तर ती डोक्यातून जात नाही. भाच्याच्या टोपीचं माझं तेच झालं, मोठं डोकं म्हणून बिचाऱ्यालाच नावं ठेवली घरात सगळ्यांनी.

राहिलेली दोऱ्याची टोकं जाड बोथट सुईत ओवून मागच्या बाजूच्या मण्यांमधून चार बोटं एका दिशेला आणि थोडी परत उलट्या दिशेला फिरवा, मगच कापा. नुसती गाठ मारून सोडली की ती पहिल्या धुण्यात सुटते. आणि पट्टी टाकू नका, प्रत्येक विणीशेजारी एक चिठ्ठी सेफ्टी पिनने लावून ठेवा, सुईचा नंबर, किती टाके, किती इंच आले. माझी पट्टी अजून शिवणाच्या डब्यात आहे, गुंडाळलेली, साध्या विणीचा भाग अर्थातच आपोआप.